मे महिन्यातला गिरसप्पा

कठड्यापाशी पोहोचल्यावर काही वेळ कुणीच काही बोलले नाही. समोर खोल दरी होती, दरीच्या पलीकडे अर्धगोल वळत गेलेला प्रचंड कातळ होता, आणि ज्या कातळावरून पाण्याचे चार प्रवाह कोसळताना पाहण्यासाठी आम्ही घाट चढून आलो होतो, त्या कातळावर चार काळपट पट्टे होते. एका पट्ट्याच्या वरच्या टोकाशी काहीतरी चकाकत होते. नीट निरखून पाहिल्यावर ती पाण्याची धार असल्याचे लक्षात आले. पण अर्ध्यावर येईपर्यंत वाऱ्याने तिचे तुषार होत होते आणि तळाला त्यातले काहीच पोहोचत नव्हते. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने मोबाइल वर धरला, मग तो तसाच खाली घेतला आणि म्हणाला, "एवढंच?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि परत समोर पाहिले. चष्म्याच्या काचेवर काहीही नव्हते, हे मला शेजारी उभे असल्यामुळे दिसत होते. पुसल्यावर समोर काही वेगळे दिसेल, अशी त्या क्षणी त्यांना खरोखरच आशा वाटली असावी.

आमच्या आठ दिवसांच्या सहलीचा हा शेवटचा दिवस होता. आई-बाबा, आम्ही दोघे आणि दोन मुले असे सहा जण कारवारच्या किनारपट्टीवर फिरलो होतो. मुरुडेश्वर, इडगुंजी आणि गोकर्ण अशी सारी ठिकाणे मनासारखी झाली होती, कुणी आजारी पडले नव्हते, कुणाचे कुणाशी बिनसले नव्हते. रात्री होन्नावरहून परतीची गाडी होती आणि त्याआधीचा पूर्ण दिवस बाबांनी गिरसप्पासाठी राखून ठेवला होता. "शेवट गोड तर सगळं गोड," असे म्हणून त्यांनी आखणीतच ते ठिकाण शेवटी टाकले होते. खरे तर ही सारी सहलच त्या एका दिवसाभोवती रचलेली होती, बाकीची ठिकाणे वाटेवर होती म्हणून घेतलेली.

बाबांनी हा धबधबा सत्तरच्या दशकात, नोकरीला लागण्याच्या आधी, तीन मित्रांबरोबर पाहिला होता. आमच्या घरात तेव्हापासून गिरसप्पा हे नुसते स्थळ राहिले नव्हते, ते एक माप झाले होते. कुठल्याही धबधब्यापुढे आम्ही लहानपणी टाळ्या पिटल्या की बाबा समजूतदारपणे मान हलवत आणि "गिरसप्पा पाहिल्यावर कळेल तुम्हाला" असे म्हणत. त्यांच्या पिढीने हे नाव शाळेच्या भूगोलात पाठ केलेले होते. जोग हे आता सर्वांच्या तोंडी असलेले नाव त्यांच्या तोंडी फारसे येत नाही. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गेरसोप्पा गावावरून पडलेले जुने नावच त्यांना जवळचे वाटते. राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी ही चार प्रवाहांची नावे आम्हा भावंडांना कवितेसारखी येत असत. राजा कुठेही न अडखळता सरळ २५३ मीटर, म्हणजे ८३० फूट खाली उडी घेतो. रोअरर खडकाच्या खोबणीतून गर्जना करत त्याच्याकडे धावतो. रॉकेटचे पाणी बाणासारखे फुटत जाते. आणि राणी कातळाला बिलगून फेसाच्या पायघड्या घालत उतरते. हे वर्णन मी इतक्या वेळा ऐकले होते की धबधबा न पाहताही तो पाहिल्यासारखा मला सांगता आला असता.

आणि मला आणखी एक गोष्ट माहीत होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

मार्च महिन्यात राहण्याच्या जागा शोधताना मी जोगविषयी बरेच वाचले होते. शरावती नदीवर धबधब्याच्या वरच्या अंगाला, अवघ्या काही किलोमीटरवर, १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण पूर्ण झाले. तेव्हापासून नदीचे बहुतेक सर्व पाणी धरणात अडते आणि तिथून वीजनिर्मितीसाठी वळवले जाते. पावसाळ्यात धरण भरून दरवाजे उघडले, किंवा धरण आणि धबधबा यांच्या मधल्या डोंगरउतारांवर जोरदार पाऊस झाला, तरच कड्यावरून पाणी कोसळते. जून ते सप्टेंबर हे त्याचे महिने. त्यानंतर प्रवाह रोडावत जातो आणि एप्रिल-मेमध्ये जे उरते, त्याला धबधबा म्हणणे अवघड आहे. हे सारे मी वाचले होते. मुलांच्या परीक्षा, आमच्या दोघांच्या रजा आणि गाडीची आरक्षणे मे महिन्यातच जुळत होती. फोनवर बाबांना हे सांगायला एक मिनिट लागले असते. पण ते त्या दिवशी मोठ्या उत्साहाने, नातवंडांना कुठल्या कठड्यावर उभे करून धबधबा दाखवायचा याचा बेत मला ऐकवत होते आणि तो आवाज उतरलेला ऐकण्याची माझी तयारी नव्हती. वळवाचा एखादा पाऊस होईल, थोडेतरी पाणी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि आरक्षणे करून टाकली. कठड्याशी त्यांनी चष्मा पुसला तेव्हा त्या एका मिनिटाची किंमत मला कळली.

सहलीच्या शेवटच्या दिवसाचा असा हिरमोड एरवीच्या हिरमोडापेक्षा जड का होतो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तिसऱ्या दिवशी एखादे ठिकाण फसले असते तर चौथ्या दिवसाने ते भरून काढले असते. शेवटच्या दिवसाला असा वारस नसतो. त्याच्यामागून परतीची गाडीच येते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मला फार बोलका वाटतो. त्यांनी माणसांना एकदा १४ अंश सेल्सिअस तापमानाच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला लावले आणि दुसऱ्या वेळी तसेच ६० सेकंद झाल्यावर आणखी ३० सेकंद हात पाण्यातच ठेवायला लावून त्या वेळात पाण्याचा गारवा अगदी किंचित कमी केला. पुढे यातला कुठला अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. आपण किती वेळ सोसले किंवा भोगले याचा हिशेब मन ठेवत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरून ते साऱ्या अनुभवाला भाव लावते. बाबांनी यातले काही वाचलेले नव्हते, पण शेवट गोड करण्याची त्यांची धडपड नेमकी याच जाणिवेतून आलेली होती. म्हणूनच त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. आठ दिवसांची भट्टी जमून आलेली सहल आपण शेवटच्या पायरीवर पाडली, असे त्यांना वाटत होते.

"मी उगाच तुम्हा सगळ्यांना…" एवढे बोलून ते थांबले.

आई तोवर कठड्याजवळच्या बाकावर जाऊन बसली होती. तिचे गुडघे दुखतात आणि तिला निसर्गाची ओढ बाबांइतकी कधीच नव्हती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, दरी तर बघा केवढी आहे. एवढी दरी तरी कुणी पाहिली होती?" आईच्या समजुती काढण्याच्या पद्धतीला आम्ही पूर्वी हसत असू, परंतु त्या दिवशी ती एकटीच समोर जे होते त्याकडे पाहत होती. आम्ही बाकीचे जे नव्हते ते पाहत उभे होतो.

थोड्या वेळाने बाबांनी मुलांना जवळ बोलावले आणि कातळावरच्या जागा दाखवायला सुरुवात केली. ती डावीकडची खोल खाच दिसते ना, ती राजाची. तिच्या शेजारी खडकात तिरकी पन्हळ आहे, तिथून रोअरर येतो. उजवीकडे जो रुंद, पायऱ्यापायऱ्यांचा उतार आहे, तो राणीचा. पलीकडच्या काठावरचा तो बंगला मुंबई बंगला. १९५६ पर्यंत कारवार जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे नदीचा हा काठ म्हैसूरचा आणि तो काठ मुंबईचा. दोन्ही सरकारांनी आपापल्या बाजूला बंगले बांधले. त्यांच्या सांगण्यात कुठेही चूक नव्हती. गावाकडचा मोकळा पडलेला वाडा दाखवताना एखादा म्हातारा जसा इथे देवघर होते, इथे माजघर होते, इथे आजीची खाट असे, असे सांगत भिंतीभिंतीपाशी थांबतो, तसे ते प्रत्येक काळ्या पट्ट्यापाशी बोट थांबवून बोलत होते. मुलगा ऐकत होता, पण त्याचे डोळे परतीच्या वाटेकडे होते. नऊ वर्षांची धाकटी मात्र एकटक कातळाकडे पाहत होती. तिने विचारले, "मग पाणी कुठे गेलं?"

कुणी पाणी आटले असे म्हणू शकले असते. उन्हाळा आहे, नद्या आटतात, हे उत्तर सोपे होते आणि बऱ्याच अंशी खोटे होते. तिला मी जमेल तसे खरे उत्तर दिले. पाणी आटलेले नाही. ते वर धरणात आहे. तिथून ते कालव्याने तलकळले नावाच्या दुसऱ्या जलाशयात जाते आणि तिथून मोठ्या पोलादी नळांतून दरीत उतरते. जी उंची उतरताना कड्यावरून त्याचा धबधबा होत असे, तशीच उंची ते आता नळाच्या आतून उतरते आणि तळाशी जनित्रांची चक्रे फिरवते. दरीतल्या जुन्या महात्मा गांधी जलविद्युत केंद्राची सुरुवात १९४८ सालची. त्याची मूळ क्षमता १२० मेगावॉट. पुढे साठच्या दशकात सुरू झालेल्या शरावती केंद्रात आता प्रत्येकी १०३.५ मेगावॉटचे दहा संच आहेत, म्हणजे एकूण १०३५ मेगावॉट. आदल्या रात्री होन्नावरच्या खोलीत डोक्यावरचा पंखा पूर्ण वेगाने फिरत असूनही आम्ही उकाड्याबद्दल कुरकुर करत होतो. त्या पंख्यात या नदीचा वाटा किती होता, हे कुणी मोजून देऊ शकणार नाही, पण उन्हाळ्यातल्या विजेसाठीच ते पाणी साठवून ठेवलेले असते हे नक्की.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हा धबधबा प्रथम पाहिला तेव्हा त्यांच्या तोंडून "केवढी ही नासाडी" असे उद्गार निघाले, अशी कथा या भागात सर्रास सांगितली जाते. आजवर मी ती कथा एका रूक्ष अभियंत्याची कथा म्हणून ऐकत आले होते. त्या दिवशी कोरड्या कड्यासमोर उभी असताना मला ती वेगळी ऐकू आली. ज्या काळात खेडीच्या खेडी अंधारात होती, त्या काळात ज्याला पाण्याच्या पडण्यात उजेड दिसला, त्याला रूक्ष म्हणण्याचा अधिकार मला नाही. तरीही माझ्या वडिलांनी जे पाहिले ते माझ्या मुलांना दिसू नये, याची हळहळ काही त्यामुळे कमी झाली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांतली कुठलीही एक खोडून दुसरी ठेवावी असे मला वाटत नाही.

माझी तक्रार आहे ती निराळ्याच गोष्टीबद्दल. पर्यटनाच्या जाहिरातींत, माहितीपत्रकांत, हॉटेलांच्या भिंतींवर जोगचे जे जे छायाचित्र मी पाहिले, ते भर पावसाळ्यातले होते. त्याखाली महिना लिहिलेला मला कुठेही आढळला नाही. एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्ट्या असतात आणि घराघरांतून माणसे त्याच महिन्यांत बाहेर पडतात, हे ठाऊक असूनही तेवढा एक शब्द छापायला कुणी धजत नाही. हे मी पोटतिडकीने लिहिते आहे, कारण तो शब्द मीही खाल्ला होता.

कठड्याच्या एका टोकाला साठीच्या आसपासचा एक छायाचित्रकार उभा होता. पर्यटकांचे फोटो काढून ते तिथल्या तिथे छापून देण्याचे त्याचे काम. परंतु त्या दिवशी कुणीच फोटो काढून घेत नव्हते. त्याच्या हातात एक जाड अल्बम होता. दमट हवेने त्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या धुरकट झाल्या होत्या आणि फोटोंच्या कडा फुगून वळल्या होत्या. बाबा त्याच्याजवळ गेले आणि त्याने न बोलता अल्बम उघडून त्यांच्यापुढे धरला. दोघेही एकेक पान उलटत राहिले. एका पानावर बाबांचा हात थांबला. चारही प्रवाह एकमेकांत मिसळून कड्याची सबंध रुंदी व्यापलेली होती आणि तळाचा तुषारांचा ढग अर्ध्या उंचीपर्यंत चढला होता. बाबांनी नातवंडांना हाक मारली आणि त्या फोटोवर बोट ठेवून, मोडक्या हिंदीत छायाचित्रकाराला उद्देशून पण खरे तर आम्हा सर्वांना ऐकू जाईल असे ते म्हणाले, "हे. हे पाहिलंय मी." त्यांच्या स्वरात साक्ष सापडल्याचा दिलासा होता.

छायाचित्रकार हळूहळू बोलता झाला. त्याच्या वडिलांचे गाव लिंगनमक्कीच्या पाण्याखाली गेले. तो तेव्हा अगदी तान्हा होता, त्यामुळे गाव त्याला आठवत नाही. गुरे हाकत, भांडीकुंडी डोक्यावर घेत जंगलातून निघाल्याच्या हकिकती त्याने घरच्या माणसांकडून ऐकल्या आहेत. शरावतीच्या खोऱ्यातून उठलेल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या जमिनींच्या कागदांचे प्रश्न आजही सुटलेले नाहीत, हे मी पूर्वी वाचले होते, पण त्याने स्वतःहून त्याबद्दल काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्याने सांगितले ते दुसरेच. लिंगनमक्कीच्या आधी हिरेभास्कर नावाचे एक लहान धरण या नदीवर होते. जुन्या वीजकेंद्राला पाणी पुरवण्यासाठी ते बांधलेले होते. नवे धरण भरले तेव्हा ते जुने धरण अख्खेच्या अख्खे पाण्यात बुडाले. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला आणि उन्हाळ्यात जलाशयाची पातळी फार खाली गेली की ते पाण्यातून वर येते, बरोबर जुन्या वाटा आणि झाडांचे बुंधे वर येतात, आणि आसपासची माणसे ते पाहायला जातात. तोही वडिलांना घेऊन जात असे. "तुम्ही लोक पाणी बघायला येता," तो म्हणाला, "आम्ही पाणी कधी उतरतंय ते बघतो."

हे तो कडवटपणे म्हणाला नाही. इथे पावसाळा कधी सुरू होतो हे सांगावे तितक्या साधेपणाने त्याने ते सांगितले. पण त्याच्या त्या वाक्याने समोरच्या कातळाचा अर्थ माझ्यापुरता बदलला. आम्हाला जो उन्हाळा आमच्या सहलीचा शेवट बिघडवणारा वाटत होता, तोच उन्हाळा त्याच्या वडिलांना अंगणाच्या थोडे जवळ नेत होता. एकाच नदीच्या एकाच पाण्याची दोन माणसे दोन उलट दिशांनी वाट पाहत होती. आम्ही तिथे आलो, आम्हाला हवे ते दिसले नाही म्हणून ठिकाण 'फसले' असा शेरा मारायला मोकळे झालो, आणि त्या ठिकाणाला आमच्या येण्याआधीचे आणि आमच्या जाण्यानंतरचे आयुष्य आहे हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

बाबांनी त्याच्याकडून तो पावसाळ्यातला फोटो विकत घेतला. मग त्याच कठड्याशी, मागे कोरडा कातळ घेऊन, आम्हा सहा जणांचाही एक फोटो त्यांनी काढून घेतला. मुलाला तो नको होता. बाबा म्हणाले, "असू दे, हाही गिरसप्पाच आहे." त्या फोटोत आई बाकावरच बसलेली आहे आणि आम्ही बाकीचे तिच्याभोवती गोळा झालो आहोत, त्यामुळे मागचा राजा पूर्णपणे झाकला गेला आहे.

दुपार कलल्यावर आम्ही घाट उतरायला लागलो. वळणावळणांवरून दरीत नदी दिसत होती आणि आश्चर्य म्हणजे ती भरलेली होती. वीजकेंद्रांतून सुटलेले पाणी खाली गेरसोप्पाच्या धरणात पुन्हा अडवले जाते. झाडीमधून दिसणारा हिरवा, संथ फुगवटा त्याचाच. धाकटीने खिडकीतून ते पाहिले आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर आपणच शोधल्यासारखी ओरडली, "आई, हे बघ, पाणी इथे आलंय!" तेव्हा मला एकदम आठवले की पहिल्या दिवशी मुरुडेश्वरला जाताना आमची गाडी होन्नावरच्या लांबलचक पुलावरून गेली होती. कोकण रेल्वेवरचा तो सर्वांत लांब पूल, दोन किलोमीटरहूनही मोठा. खाली अफाट पसरलेली खाडी पाहून हिनेच "ही कुठली नदी?" असे विचारले होते आणि आमच्यापैकी कुणालाच सांगता आले नव्हते. ती शरावतीच होती. सहलीच्या पहिल्या सकाळी आम्ही जी नदी समुद्राला मिळण्याच्या बेतात असताना ओलांडली, तिलाच शोधत शेवटच्या दिवशी डोंगरावर गेलो होतो.

गाडीत पुढच्या आसनावर बाबा बसले होते आणि मी त्यांच्या बरोबर मागे. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच मला बोलता आले. मी म्हणाले, "बाबा, मला माहीत होतं. मेमध्ये पाणी नसतं हे मी तिकिटं काढायच्या आधीच वाचलं होतं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडीने दोन वळणे घेतली.

"मग सांगायचं होतंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण समजूतही नव्हती. ते खरेच सांगायला हवे होते आणि मी सांगितले नाही, एवढेच त्या शब्दांत होते. मी "हो" म्हणाले. सोबतीला आणखी काही जोडावे असे मला वाटले नाही.

शांतता मुलीनेच मोडली. तिच्या मांडीवर तो विकत घेतलेला फोटो होता. "आजोबा," तिने विचारले, "तुम्ही आला होतात तेव्हा कोणता महिना होता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणीही विचारला नव्हता. बाबांच्या गोष्टीत चार मित्र होते, चार प्रवाह होते, गर्जना होती, परंतु महिना कधीच नव्हता. ते आठवू लागले. "पाऊस होता," ते म्हणाले. "पाऊस होता, कारण आमच्यात मिळून दोनच छत्र्या होत्या. श्रावण असावा. श्रावणच. म्हणजे ऑगस्ट." आणि मग, जणू महिना सापडल्यामुळे मागचे एक दार उघडले असावे, तसे ते स्वतःलाच आश्चर्य वाटेल अशा स्वरात पुढे बोलू लागले. ते सकाळी पोहोचले तेव्हा धबधबा दिसतच नव्हता. दरी धुक्याने काठोकाठ भरली होती आणि समोर नुसती पांढरी भिंत होती. आवाज येत होता, अंगावर तुषार येत होते, पण पाणी दिसत नव्हते. ते चौघे एका आडोशाला दोन छत्र्यांखाली उभे राहिले. एक तास गेला, दोन तास गेले. एक मित्र तर वैतागून परत जाऊ या म्हणत होता. त्यांचे जोडे भिजून जड झाले होते आणि शेवटची बस चुकण्याची भीती होती.

"किती वेळ थांबलात?" मुलाने विचारले. कानातले इअरफोन त्याने कधी काढून ठेवले होते, हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

"तीन तास असतील. जास्तही असतील."

"आणि दिसला किती वेळ?"

बाबा थांबले. त्यांनी आसनावरून मागे वळून नातवाकडे पाहिले. "दहा मिनिटं," ते म्हणाले. "वारा आला आणि धुकं असं बाजूला झालं." त्यांनी दोन्ही हातांनी पडदा सारावा तशी हवा दोन्हीकडे सारली. "दहा मिनिटं दिसला, आणि परत झाकला गेला. मग आम्ही बस पकडायला पळालो."

खाली गेरसोप्पा गाव दिसू लागले होते. आईने मागच्या आसनावरून विचारले की हे एवढे आजवर आम्हाला कधी कसे सांगितले नाही. बाबा म्हणाले, आज विचारलं म्हणून आठवलं. मग मुलाने पुढे झुकून, त्या चौघांपैकी परत जाऊ या म्हणणारा मित्र कोण, असे विचारले आणि बाबा सांगू लागले.